माशांच्या टाकीचा एटीओ नखरे करतोय: फ्लोट स्विच बरा की ऑप्टिकल सेन्सर?

नेरुळला मे महिन्यात टाकीवर पंखा लावला की पाणी भराभर उडतं, त्यामुळे एटीओ (ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी पंपाने आपोआप भरणारी यंत्रणा) बिघडला की लगेच कळतं. पंप कधी चालू-बंद करायचा हे त्याला फ्लोट स्विच नाहीतर ऑप्टिकल सेन्सर सांगतो, मी दोन्ही वापरलेत. फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगत वर-खाली होणारा) स्वस्त आणि बिघाड शोधायला एकदम सोपा, बोटाने फ्लोट वर-खाली करायचा, पंप चालू-बंद झाला तर वायरिंग ठीक, म्हणजे फ्लोटच अडकतोय, बहुतेक वेळा मिठाचा थर नाहीतर गोगलगाय (आमच्याकडे गोगलगायच होती, सकाळी हॉलभर पाणी!). मीठ असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, मोकळा होतो.

ऑप्टिकल सेन्सर पाणी प्रकाशाने ओळखतो, त्यात हलणारा भागच नाही, पण त्यावर शेवाळ चढलं की त्याला वाटतं पाणी आहेच, मग पंप लागत नाही, पातळी उतरते आणि मरीन (खाऱ्या पाण्याच्या) टाकीत खारेपणा चढतो. मऊ कापडाने पुसायचा, लाइटचा थेट झोत पडत असेल तर जागा बदलायची.

पंप बंद होऊनही पाणी येतच राहिलं तर सेन्सरला शिव्या देऊ नका, पंप जिच्यातून पाणी घेतो ती साठ्याची बादली नळीच्या टाकीतल्या तोंडापेक्षा उंच असेल, सायफन लागलाय (पंपाशिवायच पाणी खाली वाहतंय). बादली खाली ठेवा, नळीचं तोंड पाण्याच्या वर.

मी सध्या ऑप्टिकल मेन आणि थोडा वर फ्लोट बॅकअपला लावलाय.