'नाकात काडी नाही' म्हणत विकलेली व्हायरस तपासणी

ताप-खोकला सुरू होऊन एक-दोन दिवसच झालेत आणि कोणी घरी येऊन दंडातलं रक्त काढून 'कुठला व्हायरस आहे ते सांगतो' म्हणत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरातून या नावाखाली ₹ ४,८०० नेले. पैसे गेले ते गेले. त्या रिपोर्टची वाट बघण्यात औषध सुरू करायची वेळ निघून गेली, राग त्याचा आहे.

चवथ आटोपली, मुंबईची मंडळी परतली आणि सासूबाईंना ताप भरला. वय सत्तरीच्या पुढे, त्यात मधुमेह. पाहुण्यांतले दोघे चवथीतच खोकत होते, आणि पावसाळ्याच्या शेवटाला फ्लूची साथ असतेच. आमचे नेहमीचे डॉक्टर नेमके बाहेरगावी. भावजींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरत होती: घरपोच रेस्पिरेटरी व्हायरस प्रोफाइल, नाकात काडी नाही, आरटीपीसीआरपेक्षा जास्त माहिती. कोविडच्या काळात ती काडी ज्यांच्या नाकात गेलीय, त्यांना हे वाचून बरंच वाटणार. जाहिरात लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं.

आम्ही ती तपासणी मागवली. रक्त घ्यायला मुलगा आला तो अगदी सभ्य. चपला बाहेर काढल्या, 'आजी, घाबरू नका हां' म्हणाला, उरलेल्या नेवऱ्याही खाल्ल्या. मी विचारलं, "स्वॅब नाही घेणार?"

"मॅडम, स्वॅब आता जुना झाला. त्यात एकच व्हायरस कळतो. रक्तात सगळे कळतात. तो एचएमपीव्ही पण."

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीवरून केवढा गोंधळ माजला होता! तो विषाणू २००१ मध्येच शोधला गेलाय आणि आपल्याकडे आधीपासून फिरतोय, पण नाव नवं वाटलं की भीती विकता येते. पैसे यूपीआयने घेतले, तेही त्याच्या स्वतःच्या नंबरवर. बिल मागितलं तर म्हणे रिपोर्टबरोबर येईल.

रिपोर्ट आला तो रंगीत, पानंच्या पानं. इन्फ्लुएन्झा ए पॉझिटिव्ह, आरएसव्ही पॉझिटिव्ह, अ‍ॅडिनोव्हायरस पॉझिटिव्ह, कोविड पॉझिटिव्ह, सगळं लाल अक्षरांत. प्रत्येक नावापुढे बारीक अक्षरांत 'आयजीजी' असं होतं. पाठोपाठ एका बाईंचा फोन. स्वतःला डॉक्टर म्हणवत होत्या. "आजींना एकदम चार इन्फेक्शन्स आहेत. घरातल्या सगळ्यांची प्रोफाइल करून घ्या, फॅमिली पॅकेजमध्ये सवलत आहे. पंधरा दिवसांनी आजींची परत करू." औषधाचं नाव विचारलं तर इम्युनिटीच्या गोळ्या सांगितल्या, त्याही त्यांच्याकडेच मिळणाऱ्या.

एव्हाना सासूबाईंना धाप लागायला लागली होती. सरकारी इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट दोन पानं चाळला आणि मिटून ठेवला. म्हणाल्या, "हा माझा काढला तरी असाच येईल." मग आम्हाला समजेल असं सांगितलं: आता घरात कोण शिरलंय ते तुम्ही विचारलंत, त्यांनी आजवर येऊन गेलेल्या पाहुण्यांची वही दाखवली.

फसवणूक कुठे आहे ते नीट समजून घ्या, कारण आकडे खोटे नसावेतच. विषाणू असतो नाकात आणि घशात. तो आत्ता आहे का हे बघायचं तर नमुना तिथलाच हवा. काडी नाकातून पार घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते ती उगाच नाही. रक्तात शोधतात त्या अँटिबॉडीज, म्हणजे शरीराने नंतर दिलेलं उत्तर. ते तयार व्हायलाच साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. दुसऱ्या दिवशी काढलेल्या रक्तात आजच्या आजाराचा पत्ता लागणार कसा? उलट आयजीजी ही अँटिबॉडी जुन्या आजाराची असते आणि वर्षानुवर्षं राहू शकते. आरएसव्ही हा श्वसनाचा विषाणू तर दोन वर्षांच्या आत जवळजवळ प्रत्येक मुलाला होऊन जातो, म्हणजे तो बहुतेक सगळ्याच मोठ्या माणसांत 'पॉझिटिव्ह'. कोविडची जी अँटिबॉडी लाल अक्षरांत छापली होती ती स्पाइकची, म्हणजे विषाणूवरच्या काट्यांविरुद्धची, आणि ती लसीनेही तयार होते. सासूबाईंनी कोविशिल्डचे डोस घेतलेत, ती नसती तर नवल. ही गोष्ट देशाने एकदा अनुभवलीही आहे. एप्रिल २०२० मध्ये रक्तावरचे रॅपिड अँटिबॉडी किट भरवशाचे निघाले नाहीत, तेव्हा दोन चिनी कंपन्यांचे किट वापरू नका असं आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेने राज्यांना कळवलं होतं.

इस्पितळात स्वॅब घेतला, पीसीआर केली, इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लू निघाला. पण डॉक्टरबाईंनी रिपोर्टची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध आधीच सुरू केलं होतं. हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. उशीर झाला तरी दाखल झालेल्या रुग्णाला देतात, तसं दिलं, आणि सासूबाई सावरल्या. मला जास्त लागलं ते पुढचं. फ्लूच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत रुग्णांचे अ, ब, क असे गट आहेत. पासष्टीच्या पुढचे, मधुमेही, गरोदर बायका, हृदय-फुप्फुसांचे रुग्ण यांना ताप-घसा धरला की डॉक्टर लक्षणांवरूनच हे औषध देऊ शकतात, तपासणी लागत नाही. तपासणी लागते ती क गटाला, म्हणजे धाप, छातीत दुखणं, रक्तदाब उतरणं अशी लक्षणं असतील तेव्हा. म्हणजे पहिल्या दिवशी सासूबाईंना रिक्षात घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं असतं तर ना काडी लागली असती, ना सुई.

खऱ्या तपासण्यांतही कमी-जास्त आहेच. रॅपिड अँटिजन पंधरा-वीस मिनिटांत होते आणि पहिल्या काही दिवसांत पॉझिटिव्ह आली तर बहुधा खरी असते. निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नये, लक्षणं असतील तर पीसीआर करावी. पीसीआर सगळ्यात बारीक पकडते, पण माणूस बरा झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून खडखडीत बऱ्या झालेल्याला 'निगेटिव्ह येईपर्यंत करत राहा' म्हणणारेही धंदाच करतात. एका स्वॅबमध्ये वीसेक जंतू शोधणारं महागडं पॅनल असतं. ते खोटं नाही. आयसीयूमधल्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग होतो. घरी पेज पिऊन बऱ्या होणाऱ्या सर्दीला ऱ्हायनोव्हायरस हे नाव कळून काय फरक पडणार, त्यावर वेगळं औषधच नाही.

नंतर कागद तपासले. रिपोर्टवर लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचं चिन्ह होतं. ही मान्यता लॅबला सरसकट मिळत नाही, कुठल्या तपासण्यांसाठी आहे त्याची यादी असते आणि ती एनएबीएलच्या संकेतस्थळावर बघता येते. या लॅबच्या यादीत साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड होतं. या प्रोफाइलमधली एकही तपासणी नव्हती. आणि शेवटी मिळालेल्या बिलावर काय लिहिलं होतं? 'वेलनेस पॅकेज'. व्हायरस हा शब्दच नाही. तोंडी निदान विकायचं आणि कागदावर वेलनेस लिहायचं, म्हणजे उद्या कोणी जाब विचारला तर 'आम्ही कुठे निदान म्हटलं?'

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, यूपीआयची नोंद, बिल आणि डॉक्टरबाईंचा डिस्चार्ज कागद जोडला. जाहिरात ग्रुपवरून नंतर उडवली गेली, पण भावजींनी ती आधीच जपून ठेवली होती. तुमच्याकडेही असं काही आलं असेल तर ते पुसू नका. लॅबकडून निम्मे पैसे परत देण्याचा निरोप आला, अट एवढीच की तक्रार मागे घ्यायची. आम्ही नाही म्हटलंय. पर्वरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात उत्तर गोव्याची प्रकरणं चालतात, दक्षिणेची मडगावला. आमचे कागद आता त्या वाटेवर आहेत.