बांधावरची मारामारी: तुकड्यांत की सलग?

लातूर-परभणीकडच्या शॉर्टफिल्ममध्ये बांध आला की दोन भावांची मारामारी आलीच. ती जलद कटांनी रचायची की लांब शॉटमध्ये घडू द्यायची, हे शूटिंगआधीच ठरवा. एडिटिंगला बसल्यावर बघू म्हटलं तर जे क्लोजअप घेतलेच नाहीत, ते आणणार कुठून?

नट नवखे असतील तर जलद कट वाचवतात. काठी उचलली, कट, समोरचा कोसळला. मधला वार प्रेक्षक मनातच मारतो. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ८ फ्रेमचा शॉट म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. एवढ्यात खोटेपणा पकडायला सवड नसते. हाँगकाँगचे एडिटर तर फटक्याच्या दोन-चार फ्रेम पुन्हा दाखवून वार जड करायचे. पण या घाईत छाती धडधडते, आत काही तुटत नाही. शिवाय कॅमेऱ्याने लाईन, म्हणजे जिच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा ती मनातली रेघ, ओलांडली की कोण कुठल्या बाजूचा, हेच कळेनासं होतं. इथे तर सगळं भांडणच बाजूचं! म्हणून जलद कट करायचे असले तरी बांधालाच लाईन माना आणि कॅमेरा एकाच अंगाला ठेवा.

सलग शॉटमध्ये दम लागलेला दिसतो. २००३च्या 'ओल्डबॉय' या कोरियन सिनेमातली बोळातली मारामारी आठवा: कॅमेरा नुसता बाजूने सरकतो, आणि फटक्यांपेक्षा नायकाचा थकवा लक्षात राहतो. कट आला की पहिला जातो तो हा थकवा. भावाभावांत तर मारण्यापेक्षा मध्येच थांबणं महत्त्वाचं; उचललेला दगड एकाने खाली टाकला, तो क्षण कापून चालणार नाही. पावसानंतरच्या काळ्या रानात पाय रुततात, तेवढा अभिनय फुकटात होतो. खर्च तालमीचा, आणि कपड्यांचा: टेक फसला की चिखलाने भरलेला सदरा बदलायला तसाच दुसरा लागतो.

गावगुंडाला लोळवायचं असेल तर खुशाल तुकडे करा. भावांसाठी मी सलगच घेईन, फक्त एक कट ठेवून: धुऱ्यावर उभ्या आईचा चेहरा. त्यावर फटक्यांचे नुसते आवाज येऊ द्यायचे, आणि ते थांबेपर्यंत तिच्यावरून हलायचं नाही. याच कटाखाली दोन टेकांचा सांधाही लपतो. मात्र आईचा शॉट त्याच वेळी, त्याच उन्हात उरकून घ्या. संध्याकाळी घेतलात तर सावल्या चुगली करतील.