हेड बसवताना: कंपनीचे नवे बोल्ट की स्टड?

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये, गायमुखच्या चढावर गाडी तापते आणि हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधलं सील, उडतं. मग वागळे इस्टेट किंवा तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडलं जातं, हेड फेसिंगला (पृष्ठभाग सपाट करायला) जातं आणि प्रश्न येतो: जुनेच बोल्ट लावू, नवे आणू, की स्टड (ब्लॉकमध्ये बसवून वरून नट आवळायचे, आटे असलेले दांडे) टाकू?

जुन्यांचा विषय लवकर संपतो. आजच्या बऱ्याच गाड्यांचे हेड बोल्ट आवळताना मुद्दाम त्यांच्या लवचीक मर्यादेपलीकडे, म्हणजे पुन्हा मूळ लांबीवर येणार नाहीत इतके, ताणले जातात. जुना बोल्ट नव्याला लावून, आट्यात आटे बसवून उजेडासमोर धरा. ताणलेल्या बोल्टचे आटे थोड्या अंतरानंतर जुळेनासे होतात आणि मधून उजेडाची बारीक फट दिसते. मॅन्युअलमध्ये लांबी मोजून पुन्हा वापरायची परवानगी असेल तरच जुने लावा, नाहीतर सरळ भंगारात.

खरी निवड नवे बोल्ट आणि स्टड यांच्यातली. स्टड म्हणजे भारी आणि बोल्ट म्हणजे तडजोड, असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. हेडला लागतो तो दाब, आणि तोही सगळीकडे सारखा. टॉर्क रेंच हा दाब मोजत नाही, फिरवायला किती जोर लागला तेवढंच सांगतो. त्या जोरातला साधारण ९० टक्के भाग घर्षणातच जातो: निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, बाकीचा आट्यांत. एक बोल्ट कोरडा आणि शेजारचा तेलकट असेल, तर रेंच दोन्हीकडे एकाच आकड्यावर ‘टक्’ करेल, पण दाब वेगवेगळा पडेल.

ताणाच्या बोल्टची पद्धत ही अडचण बरीचशी टाळते. आधी कमी टॉर्कवर (फिरवायच्या जोरावर) सगळे बसवायचे, मग ठरलेल्या अंशांत फिरवायचे, उदाहरणार्थ ९० आणि पुन्हा ९०. आट्यांचा पिच (लागोपाठच्या दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी असेल, तर ९० अंशांत बोल्ट ०.३७५ मिमी पुढे सरकतो. घर्षण कमी असो वा जास्त, हे अंतर तेवढंच राहतं. शिवाय एकदा मर्यादा ओलांडली की थोडं कमी-जास्त फिरलं तरी ताण फारसा बदलत नाही. म्हणून सगळ्या बोल्टांवर दाब जवळपास सारखा येतो. आकडे मात्र आपल्याच इंजिनच्या मॅन्युअलमधले हवेत.

स्टडचे फायदेही खरे आहेत. तो ब्लॉकमध्ये आधीच बसलेला असतो, वरून फक्त नट आवळायचा. त्यामुळे ब्लॉकचे आटे दर वेळी घासले जात नाहीत आणि स्टडला पीळ कमी बसतो. चांगले स्टड पुन्हा वापरता येतात. पण ते बहुधा नुसत्या टॉर्कवर आवळले जातात, म्हणजे घर्षणाचा प्रश्न पुन्हा समोर. स्टड बनवणारी एआरपीसारखी कंपनी आपल्या वंगणासोबत ठरावीक आकडा देते. तेच वंगण वापरायचं, नटाच्या आट्यांना आणि नट जिथे वॉशरवर टेकतो त्या बाजूला लावायचं आणि तोच आकडा घ्यायचा. मॅन्युअलमधला बोल्टचा आकडा इथे चालत नाही. ब्लॉकमध्ये स्टड हाताने बसतील एवढेच फिरवायचे, पाना लावून ठोसायचे नाहीत.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पुढे इंजिन गाडीतच ठेवून हेड काढायची वेळ आली, तर ते स्टडच्या पूर्ण उंचीइतकं सरळ वर उचलावं लागतं. छोट्या गाडीच्या बॉनेटखाली तेवढी जागा आहे का, हे आधी बघा.

तेव्हा टर्बोचा बूस्ट (इंजिनात हवा कोंबायचा दाब) वाढवलेला असेल, किंवा हेड वारंवार उघडावं लागत असेल, तर स्टडवर खर्च करा. ठाणे-वाशी ऑफिसच्या गाडीला कंपनीचे नवे बोल्टच घ्या.

दोन्हीत सारखं महत्त्वाचं काम म्हणजे ब्लॉकमधली भोकं. तळ बंद असलेल्या भोकात तेल किंवा कूलंट साचलेलं राहिलं, तर बोल्ट आत जाताना ते दाबलं जातं आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. पावसाळ्यात आठवडाभर उघडा पडलेला ब्लॉक आट्यांत गंजतोही. हवा मारा, आटे साफ करायला चेझर फिरवा. नवे आटे पाडणारा टॅप धातू खातो. भोक वॉटर जॅकेटमध्ये (कूलंट फिरतं त्या पोकळीत) उघडत असेल तर आट्यांना सीलंट हवंच.

आवळायचा क्रम मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने. शेवटचा ओढा एका संथ दमात. मध्येच थांबलात, तर पुन्हा सुरू करताना जागचं हलायलाच घर्षण जास्त लागतं आणि रेंच लवकर टक् करतो. अंशांसाठी अँगल गेज नसेल तर डोक्यावर रंगाचा ठिपका द्या.

गॅरेज निवडताना दोन प्रश्न विचारा: टॉर्क रेंच शेवटचा कॅलिब्रेट कधी केला, आणि अँगल गेज आहे का? ‘हाताला अंदाज आहे’ असं उत्तर आलं तर हेड दुसरीकडे न्या. आणि ताणाचे बोल्ट बसवून ‘हजार किलोमीटरनंतर या, परत आवळून देतो’ म्हणाले, तर मॅन्युअल दाखवायला सांगा. अशा बोल्टांना सहसा पुन्हा हात लावायचा नसतो.