मोटर नसलेली सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण

स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यावर ‘५२५ पट’ वगैरे छापलेलं असतं, तिकडे बघूच नका. कुवत ठरते ती आरशाच्या व्यासावर. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट ही चित्र किती पट मोठं करता येईल याची ढोबळ मर्यादा. माझ्या दुर्बिणीचा आरसा १५० मिमीचा आणि नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) १२०० मिमी. व्यासाच्या हिशेबाने कागदावर ३०० पट. पण साताऱ्यात आमच्या गच्चीवर १२० पटीपुढे चित्र क्वचितच स्थिर राहतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत धग सोडतो आणि गुरू उकळल्यासारखा दिसतो. त्यामुळे मी दहानंतरच बसते, आणि त्याआधी अर्धा तास दुर्बीण बाहेर गार व्हायला ठेवते.

यंत्र म्हणाल तर एक नळी आणि खाली फिरतं लाकडी बूड. ही रचना लोकप्रिय केली जॉन डॉब्सन यांनी. ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठातले संन्यासी. दुर्बिणींच्या नादापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. मग फुटपाथवर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्यांना चंद्र दाखवत राहिले.

चंद्रासाठी या पैशात दुसरं काही घेऊ नये. सोबतच्या २५ मिमी आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून (१२०० भागिले २५, म्हणून ४८ पट), अख्खा चंद्र मावतो. शुक्ल अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या इतक्या लांब पडतात की सासूबाई आयपीस सोडायला तयार नसतात. कोजागरीला मात्र सोसायटीच्या आग्रहाखातर दुर्बीण काढली. दूध उत्तम होतं, चंद्र सपाट. पौर्णिमेला सावल्याच नसतात, नुसते डोळे दिपतात.

१० मिमी आयपीस लावला की गुरूचे दोन गडद पट्टे आणि चार चंद्र स्वच्छ. तासाभराने पुन्हा बघितलं तर एखादा चंद्र सरकलेला कळतो. शनीची कडी २०२५च्या मार्चमध्ये आपल्याला बरोबर काठावरून दिसायची स्थिती होती. आता ती हळूहळू उघडतायत. मंगळासाठी मात्र ही दुर्बीण घेऊ नका. एरवी तो केशरी ठिपकाच, आणि पृथ्वीजवळ येतो तो साधारण २६ महिन्यांनी एकदा.

आता कटकटी. मोटर नसल्यामुळे १२० पटीला ग्रह दीड-दोन मिनिटांत दृश्याबाहेर जातो, नळी हाताने सरकवत राहावी लागते. लहान मुलांची रांग असेल तर प्रत्येकाआधी नेम धरायचा. २०२६च्या जानेवारीसारखा गुरू मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असला, तर बूड वळवताना हात अवघडतो. शिवाय हे बूड दाबलेल्या भुशाच्या फळीचं आहे, पाण्याने फुगतं. पावसाळ्यात मी नळी झाकून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून आतल्या खोलीत ठेवते.

लिफ्ट नसेल तर नळी आणि बूड वेगवेगळं, दोन खेपांत चढवा. आणि पैसे उरले तर बार्लोऐवजी (आयपीसची पट वाढवणारं जादा भिंग) आधी एक बरा ६ मिमी आयपीस घ्या; फक्त तो थंडीतल्या स्थिर हवेतच कामाला येईल.