जिताड्याला प्रोबायोटिक: पावडर बरी, पाकीट भिकार

जिताडा माशाच्या खाद्याला लावायच्या प्रोबायोटिक पावडरीचं किलोचं पाकीट आणि त्याला साधी झिप नाही. एवढ्यावरून गणपतीच्या आधी दुकानदाराशी वाजलं, म्हणून आत्ताच लिहायला बसलोय. नाहीतर मासा काढून झाल्यावर सगळा हिशोब मांडायचा विचार होता.

आमचं तळं अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात. उन्हाळ्यात पाणी निमखारं, आषाढात जवळजवळ गोडं. पूर्वी खाडीत मिळालेली जिताड्याची पिल्लं तळ्यात सोडायची आणि ती तळ्यातल्याच तिलापिया माशांवर वाढायची. खाद्याचा खर्च असा नव्हताच. आता बीज हॅचरीचं आणि पोट गोळीवर. जिताडा पक्का मांसाहारी, त्याला चाळीस-पंचेचाळीस टक्के प्रथिनांची गोळी लागते, म्हणजे किलोला सव्वाशेच्या घरात. त्यात हे प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत सूक्ष्मजीव. मिश्रण नेहमीचंच: बॅसिलसच्या दोन जाती, लॅक्टोबॅसिलस, यीस्ट. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाजारात पाहिलेली बाकीची पाकिटंही याच्याहून शहाणी नव्हती.

आधी पैशाचं बोलू. किलो खाद्याला दहा ग्रॅम पावडर, पावडर आठशे रुपये किलो. झाले आठ रुपये. वर चिकटवायला माशाचं तेल, म्हणजे एकूण दहा. सव्वाशेचं खाद्य एकशे पस्तीसला पडतं. साधारण साडेसात टक्के खाद्य वाचलं तर बरोबरी, त्याच्या वर जे वाचेल ती कमाई. विकणारा 'वाढ चांगली होते' म्हणतो तेव्हा हा आकडा त्याच्यासमोर ठेवा. मला भेटलेल्या कंपनीच्या प्रतिनिधीने विषय बदलला होता.

लावायची पद्धत पाकिटावर दोन ओळींत उरकली आहे, पण खरं काम तिथेच आहे. पावडर थेट गोळीवर भुरभुरवली तर पाण्यात पडताक्षणी धुऊन जाते. तळ्यावर पांढरट ढग दिसतो, तो आपलाच पैसा. आमच्याकडे वहिनी हे काम करते. घमेल्यात आधी थोड्या तेलात पावडर कालवायची, ती गोळ्यांवर ओतून हाताने हलकं खालीवर करायचं. जोराने नाही, नाहीतर गोळीचा चुरा होतो आणि चुऱ्याला जिताडा तोंड लावत नाही. मग पडवीत ताडपत्रीवर सावलीत अर्धा तास पसरायचं. गोळी बोटाला चिकटेनाशी झाली की टाकायची. उन्हात वाळवू नका, आत जीव आहेत. क्लोरीनच्या पाण्यात कालवू नका, तेही त्याच कारणासाठी. आणि माशाला औषध म्हणून अँटिबायोटिक चालू असेल तर प्रोबायोटिकवर पैसे घालवूच नका, ते औषध या जिवाणूंनाही सोडत नाही.

आता पाकीट. चंदेरी, जाड, दिसायला झकास. वरून कापायचं आणि मग काय करायचं ते तुम्ही बघा. रबरबँड लावा, चिमटा लावा, दुमडून वर वीट ठेवा. मापाचा चमचा आत नाही, दहा ग्रॅम अंदाजाने. बनवल्याची तारीख शिवणीवर छापलेली, म्हणजे कापलं की अर्धी तारीख कचऱ्यात. जुलैत आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, तिथे ही पावडर उघड्या तोंडाने किती टिकणार? तळातला चौथाई भाग दगड झाला. खलबत्त्यात कुटावा लागला असता असा दगड.

तो घेऊन दुकानात गेलो.

'काका, उघडलेलं पाकीट परत घेत नाही आम्ही.'

'अरे, न उघडता वापरायचं कसं?'

मग त्याने प्रतिनिधीला फोन लावून दिला. तो म्हणाला, 'सर, कूल अँड ड्राय प्लेसमध्ये स्टोअर करायचं असतं.' पावसाळ्यात खारेपाटात अशी जागा एकच, फ्रिज, आणि त्यावर आईचं राज्य. माशाच्या तेलाचा वास लागलेलं काहीही ती आत येऊ देणार नाही, आणि तिचं चूक नाही. सर म्हणून माझे दोनशे रुपये गेले ते गेलेच.

दगड झालेली पावडर वाया गेली का? पूर्ण नाही. बॅसिलस बीजाणू करून बसतो, म्हणजे कडक कवचात झोपून राहतो, गोळी तयार करतानाची उष्णताही त्याचे बीजाणू सोसतात. लॅक्टोबॅसिलसला ती सोय नाही. पत्र्याच्या दुकानात मे महिना काढलेल्या पाकिटातला लॅक्टोबॅसिलस माझ्या तळ्यापर्यंत जिवंत येतो यावर माझा विश्वास नाही. पाकिटावरचे ग्रॅममागे इतके अब्ज जिवाणू हे बनवतानाचे. म्हणून घेताना तारीख आधी बघा. सोबत तटीय जलकृषी प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघा.

इथपर्यंत लिहिलं तेव्हा शेवट ठरलेला होता: घेऊ नका. भांडणानंतर रागाने पावडर बंदच केली होती आणि मोठ्या माशांत काडीचा फरक पडला नाही. पाग (फेकायचं जाळं) टाकून काढलेले मासे काट्यावर चढवले, वाढ पूर्वीसारखीच. किलो माशामागे लागणाऱ्या खाद्याचं प्रमाण गेल्या वर्षीपेक्षा सुधारलंय खरं, पण यंदा खाद्याची कंपनीही वेगळी आहे. श्रेय पावडरीला फुकट का द्यायचं?

पण हाप्यातली, म्हणजे तळ्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातली, बारकी. जिताडा आपल्याच लहान भावाला गिळतो, म्हणून आकारानुसार वेगळी काढावी लागतात, आणि प्रत्येक निवडीनंतर ती बिथरून खाणं सोडतात. पावडर चालू असताना दुसऱ्या दिवशी गोळीवर झेपावायची. बंद केल्यावर निवड झाली तेव्हा गोळ्या बुडून हाप्याच्या तळाशी साचत होत्या, विष्ठा लांब आणि पांढरट. हे जिवाणू माशाच्या आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत, खाद्य थांबलं की हळूहळू वाहून जातात, हे वाचून माहीत होतं. असं दिसेल असं वाटलं नव्हतं. पुन्हा सुरू केली, चार-सहा दिवसांत खाणं रुळावर आलं. त्याच सुमारास पावसानेही उघडीप दिली, हेही सांगितलं पाहिजे. तरी माझं मत थोडं हललंय. बारक्यांना द्या. त्यांचं खाद्य दिवसाला मूठभर, खर्च अंगावर येत नाही. मोठ्यांना मी देणार नाही.

पाण्यात टाकायचं वेगळं प्रोबायोटिक गुळात आंबवून सोडा, असा त्याच प्रतिनिधीचा आग्रह होता. ढगाळ दिवसांत तर मुळीच नको. आंबवलेला गूळ पाण्यात गेला की जिवाणू फोफावतात आणि प्राणवायू खातात. मग पहाटे मासे वर तोंड काढून उभे, आणि तुम्ही अंधारात पंपासाठी डिझेल शोधताय.

पावडर आता लोणच्याच्या जुन्या प्लास्टिक बरणीत भरतो, चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. अजून गुठळी नाही. हे काम आठशे रुपये घेणाऱ्या कंपनीचं होतं.

बारक्यांची पुढची खेप आली की एकाच बिजाचे दोन हापे लावणार, एकाला पावडर, एकाला नुसतं तेल लावलेली गोळी, कारण तेलाचाही फरक पडत असेल. शेजारचे भाऊ अर्धा खर्च देतो म्हणालेत, पण पावडरीचा हापा त्यांच्या बाजूच्या बांधाला हवाय. ते काही होणार नाही.