इंग्लंडमधील कौन्सिल टॅक्सचा बँड तपासून घेण्याची सरकारी सेवा: भाचीच्या घराचा अनुभव

पोर्तुगीज पासपोर्टच्या आधारे इंग्लंडला गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांपैकी पुष्कळशी स्विंडन शहरात स्थिरावली आहेत. भाड्याच्या खोलीत दिवस काढून झाल्यावर त्यातले कित्येक जण आता कर्ज काढून तिथे स्वतःचे घर घेऊ लागले आहेत. घर घेतले की दरवर्षी स्थानिक कौन्सिलचे कराचे बिल येते आणि त्या बिलाची रक्कम घराला मिळालेल्या एका अक्षरावर ठरते. ए ते एच असे हे आठ बँड आहेत. आपल्या घराला लावलेला बँड चुकीचा आहे असे वाटल्यास तो तपासून घेण्याची सोय घरांची किंमत ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी व्हॅल्युएशन ऑफिसने ठेवली आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. माझ्या भाचीने स्विंडनमध्ये घर घेतल्यावर आम्ही ही सोय वापरली. डिचोली तालुक्यात पंचायत सचिव म्हणून माझी सारी नोकरी घरपट्टीच्या नोंदी ठेवण्यात झाल्यामुळे कागदपत्रांची जुळवाजुळव तिने माझ्यावर सोपवली. त्या आधारावर हा अभिप्राय लिहीत आहे.

प्रथम बँड कसा ठरतो ते समजून घ्यायला हवे, कारण बहुतेक अर्ज इथेच फसतात. इंग्लंडमध्ये घराची आजची किंमत या करासाठी विचारात घेतलीच जात नाही. ते घर 1 एप्रिल 1991 रोजी खुल्या बाजारात विकले असते तर किती किंमत आली असती, एवढाच प्रश्न असतो, मग ते घर नंतर बांधलेले का असेना. 40,000 पौंडांपर्यंत ए, त्यावर 52,000 पर्यंत बी, 68,000 पर्यंत सी, 88,000 पर्यंत डी, अशी ही चढण 3,20,000 पौंडांच्या वरच्या एच बँडपर्यंत जाते. हा कर 1993 साली सुरू झाला. तत्पूर्वी थोड्या अवधीत लाखो घरांची किंमत ठरवायची असल्याने पुष्कळ घरे रस्त्यावरून, गाडीत बसूनच पाहिली गेली, आणि चुका राहिल्या त्या तिथूनच. डी बँडचा कर नऊ भाग धरला तर सी बँडला आठ, बी बँडला सात आणि ए बँडला सहा भाग भरावे लागतात. म्हणजे डीवरून सीवर आल्यास दरवर्षी नववा हिस्सा वाचतो, आणि कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कुटुंबाला तो लहान नाही.

या सेवेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिचा उघडेपणा. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड घातला की त्या भागातल्या घरांचे पत्ते आणि त्यांपुढे त्यांचे बँड दिसतात, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, की अर्ज करून वाट पाहावी लागत नाही. आपल्याकडे शेजाऱ्याच्या घरपट्टीचा आकडा पाहायचा तर पंचायतीचे रजिस्टर कोणी समोर ठेवील की नाही, याचीच शंका असते. इथे मी डिचोलीत बसून स्विंडनमधली एक संपूर्ण गल्ली वहीत उतरवून घेतली. भाचीचे घर रांगेतल्या घरांपैकी, तीन बेडरूमचे आहे. त्याच बिल्डरने त्याच सुमारास त्याच नकाशाने बांधलेली समोरची रांग सी बँडमध्ये होती, आणि भाचीचे घर मात्र डीमध्ये.

परंतु समोरच्या घराचे अक्षर खालचे आहे, एवढ्यावर अर्ज टिकत नाही. तुलनेची घरे वय, आकार, रचना आणि मजले या बाबतींत खरोखर सारखी असावी लागतात, ती शक्यतो त्याच रस्त्यावरची किंवा त्याच वसाहतीतली असावीत, आणि असे पाचपर्यंत पत्ते देता येतात. वाढीव बांधकामाचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. मालकाने मागे स्वयंपाकघर वाढवले किंवा माळ्यावर खोली काढली, तरी तो तिथे राहतो तोवर त्याचा बँड वाढत नाही, मात्र ते घर विकले गेले की वाढीव भागाचा हिशेब होऊन नव्या मालकाच्या वाट्याला वरचा बँड येऊ शकतो. म्हणून शेजारचे मोठे घर खालच्या बँडमध्ये दिसले तर तो अन्याय असेलच असे नाही, आणि आपल्या घराला आधीच्या मालकाने काही जोडले असेल तर तुलनाच कोसळते. आम्ही घरांच्या विक्रीच्या जुन्या जाहिरातींतले नकाशे काढून प्रत्येक घराची मापे ताडून पाहिली, आणि ज्यांना मागे खोली जोडली होती ती घरे यादीतून वगळली.

दुसरा पुरावा म्हणजे त्या काळातल्या विक्रीच्या किमती. 1 एप्रिल 1989 ते 31 मार्च 1993 या काळात झालेली विक्री त्यासाठी उपयोगी पडते. तिथल्या जमीन नोंदणी खात्याची विक्रीची जाहीर नोंद 1995 पासून सुरू होत असल्याने ही किंमत शोधणे कष्टाचे आहे. इंटरनेटवरच्या गणकयंत्रात आजची किंमत घालून 1991 चा आकडा काढणारे पुष्कळ जण आहेत, पण अशा सरासरीच्या आकड्यांना कार्यालय पुरावा मानत नाही. घराची ओल, जुनी खिडकी, खराब छप्पर यांचाही उपयोग होत नाही, कारण घर बऱ्या स्थितीत आहे असे गृहीत धरूनच किंमत ठरते. आमच्या बाबतीत एका वृद्ध शेजारणीने आपल्या 1990 च्या खरेदीचा कागद दाखवला. तिची किंमत सी बँडच्या मर्यादेत बसत होती. त्या एका कागदाने आमच्या अर्जाला खरे बळ आले, असे मला मनापासून वाटते.

मुदतीबाबत विशेष सावध राहावे. घराचा कर आपल्या नावावर आल्यापासून सहा महिन्यांच्या आत केलेला अर्ज हा कायदेशीर हक्काचा असतो, आणि तो नाकारला गेला तर निकालापासून तीन महिन्यांत स्वतंत्र व्हॅल्युएशन ट्रायब्युनलकडे विनामूल्य दाद मागता येते. सहा महिने उलटल्यावरही पुरावा देऊन फेरतपासणी मागता येते, मात्र तिथे नकार आल्यास पुढे ट्रायब्युनलचा रस्ता सहसा खुला राहत नाही. भाचीचा अर्ज मुदतीत गेला, आणि काही महिन्यांनी बँड सी केल्याचे पत्र आले. घर ताब्यात घेतल्यापासूनचा फरक पुढच्या बिलात वळता झाला. निकाल लागेपर्यंत मात्र आधीच्याच दराने हप्ते भरावे लागतात, ते थांबवले तर थकबाकीची नोटीस येते.

याच काळात भाचीला एका खासगी एजन्सीचा फोन आला. परताव्यातला मोठा हिस्सा घेऊन आम्ही काम करून देतो, असे त्या लोकांचे म्हणणे होते. “मामा, फॉर्मवर सही करू का?” असे तिने विचारताच मी तिला स्पष्टपणे थांबवले. जे काम सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आणि ज्यासाठी लागणारा शेजाऱ्यांचा पुरावा शेवटी आपल्यालाच गोळा करावा लागतो, त्याचे कमिशन देणे ही कष्टाच्या पैशांची लूट आहे. नव्याने गेलेल्या, इंग्रजी कागदांना बिचकणाऱ्या आपल्या माणसांना असे फोन येतात, याचा मला फार राग येतो.

धोका एकच आहे, पण तो अर्ज करण्याआधी घरातल्या सर्वांनी समजून घ्यावा. तपासणीत बँड खाली येतो तसा वरही जाऊ शकतो, आणि तुलनेला दिलेल्या शेजाऱ्यांची घरे कमी बँडमध्ये चुकून बसलेली आढळली तर त्यांचेही बँड वाढू शकतात. त्यामुळे नकाशे आणि जुनी किंमत हे दोन्ही आपल्या बाजूने दिसत असतील तरच अर्ज करावा. खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्यांना ही खटपट करण्याचे कारण नाही: 1 डिसेंबर 2023 पासून इंग्लंडमध्ये अनेक भाडेकरूंच्या सामायिक घराला एकच बँड लागतो आणि त्याचा कर घरमालकाने भरायचा असतो. घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर मिळणारी 25 टक्के सूट ही वेगळी बाब आहे आणि ती थेट कौन्सिलकडे मागावी लागते.

स्विंडनमध्ये ज्यांची मुले किंवा भावंडे नुकतीच घरात राहायला गेली आहेत, त्यांनी पहिल्या सहा महिन्यांतच पोस्टकोड घालून गल्लीतले बँड पाहावेत, आणि फरक दिसल्यास खासगी एजन्सीचा फोन येण्याआधी शेजारच्या जुन्या रहिवाशांशी बोलून घ्यावे.