ओबीडी डोंगल आणि स्वयंपाकघरातला काटा: पावसाळा आणि दिवाळी काढल्यानंतरचा अनुभव

घरात दोन गोष्टींवरून हमखास वाजतं: गाडीचं बिल आणि भाजीतलं तेल. दोन्हीकडे कारभार अंदाजपंचे दाहोदरसे. गॅरेजवाला म्हणतो, "सेन्सर गेलाय, बदलून टाकू." घरात म्हणतात, "दोनच चमचे घातलंय." दोन्ही विधानं तपासायला हातात काही नसतं. त्यासाठी दोन स्वस्त वस्तू घेतल्या: गाडीचे एरर कोड वाचणारा डोंगल आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. दोन्ही उपयोगी आहेत, पण जाहिरातीत सांगतात तेवढ्या हुशार नाहीत.

आधी डोंगल. हा ईएलएम३२७ जातीचा ब्लूटूथ अडॅप्टर. स्वस्तातले बहुतेक नकली चिपचे असतात आणि खोक्यावरचा आवृत्तीचा आकडा नुसता छापलेला असतो. त्यामुळे आल्या आल्या अ‍ॅपमधून अडॅप्टरची तपासणी करा. अर्ध्या आज्ञांना उत्तर मिळत नसेल तर परतीची मुदत संपायच्या आत पाठवून द्या. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वायफायवाला लागतो. सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, बहुधा फ्यूज बॉक्सजवळ असतं. बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचं मानक) गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष नोंदवायची यंत्रणा, एप्रिल २०१३ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीसाठी घेणार असाल तर आधी कोणाचा तरी लावून बघा. इग्निशन ऑन करायचं, फोन जोडायचा (पिन १२३४ किंवा ००००), मग टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं अ‍ॅप उघडायचं. यात अवघड काही नाही.

खरी गडबड कोड वाचल्यावर सुरू होते. कोड म्हणजे खराब पार्टचं नाव, असा समज सगळीकडे आहे, गॅरेजातसुद्धा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट पेटत नाही), एवढंच. दोष कॉइलचा (ठिणगीसाठी वीज देणारी), प्लगचा, इंजेक्टरचा की कॉम्प्रेशनचा, हे कोड सांगत नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेल्या गाडीत ते शोधायला फुकटचा उपाय आहे. इंजिन पूर्ण गार झालं की दोन आणि तीन नंबरच्या कॉइल्सची अदलाबदल करायची, कोड पुसायचा आणि गाडी थोडी फिरवून आणायची. आता पी०३०३ आला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लग बदलून बघा, त्यानंतर इंजेक्टर. कॉइलचा बोल्ट बहुतेक गाड्यांत १० मिमीचा असतो आणि कनेक्टरचा प्लास्टिकचा खटका उन्हाने ठिसूळ झालेला असतो, तो दाबूनच काढा, ओढू नका. प्लग गरम इंजिनवर खोलू नका. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले की खर्च कुठल्या कुठे जातो. प्लगच्या विहिरीत ऑइल दिसलं तर नवी कॉइल घालण्यात अर्थ नाही. आधी टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगची सील बदलायला सांगा, नाहीतर नवीही तशीच जाईल.

सीएनजी किट असेल तर आणखी एक चाचणी. पेट्रोलवर गाडी गुळगुळीत आणि गॅसवर थरथरत असेल, तर किटचा गॅस फिल्टर, रेड्यूसर (गॅसचा दाब उतरवणारा), गॅसचे इंजेक्टर या बाजूला बघायचं. झिजलेला प्लगही आधी गॅसवरच रडतो, कारण गॅस पेटायला ठिणगी जास्त जोराची लागते. म्हणून किट उघडण्याआधी प्लग तपासा. दोन्हींवर सारखीच थरथरत असेल तर संशय कॉइल-प्लगवर.

पी०४२० हा खिशाला सर्वांत महाग कोड. अर्थ एवढाच, की धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं गाडीला वाटतंय; पण एस्टिमेटमध्ये थेट नवा कन्व्हर्टर लिहून येतो. त्याआधी सायलेन्सरच्या जोडातून गळती नाही ना आणि मागचा ऑक्सिजन सेन्सर नीट चालतोय ना, हे तपासलं का, असं विचारा. जुना मिसफायर तसाच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला तर न जळलेलं इंधन त्यालाही खातं.

कोडपेक्षा आम्हाला चालू आकड्यांचा उपयोग जास्त झाला. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी नुसतं इग्निशन ऑन करा. कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची तार तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. पुण्यात थंडी पडते, पण इतकी नाही. पावसाळ्यात उंदीर इंजिनात घर करतात, त्यामुळे सेन्सर बदलण्याआधी टॉर्च मारून वायरिंग बघा. अशा दोषात बऱ्याच गाड्यांचा रेडिएटर फॅन सतत फिरत राहतो आणि इंधन जास्त जातं, पण इंजिन चालू राहतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

बॅटरीचंही तसंच. सॉकेटवरचा व्होल्टेज बंद गाडीत १२.६ च्या आसपास हवा, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. नव्या स्मार्ट अल्टरनेटरच्या गाड्यांत तो मुद्दाम खाली येतो, तेव्हा १३ दिसले म्हणून अल्टरनेटर बदलू नका. स्टार्टर मारताना ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीची लोड टेस्ट करून घ्या.

फ्युएल ट्रिम म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा. त्याबद्दल व्हिडिओंमध्ये सांगतात की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ट्रिम अधिक २० आणि रेस केल्यावर खाली, म्हणजे व्हॅक्यूम लीक, कुठल्या तरी फटीतून जादा हवा आत येतेय. हे एअर-फ्लो मीटर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या इंजिनाला लागू पडतं. आपल्याकडच्या बऱ्याच लहान पेट्रोल गाड्या मॅप सेन्सरवर (आतल्या हवेचा दाब मोजणारा) चालतात. तिथे फटीतून आलेली हवाही त्या सेन्सरला दिसते, कंट्रोलर तेवढं पेट्रोल वाढवतो, आणि ट्रिम बिघडण्याऐवजी आयडलच चढतं. वाचणाऱ्याला हे माहीत नसेल तर डोंगल उलट दिशाभूल करतो.

तक्रारी तीन. एक: सॉकेटची १६ नंबरची पिन कायम चालू असते, त्यामुळे डोंगल लावूनच ठेवला तर तो बॅटरी खात राहतो. ४० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ १ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीची गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली की बोंब. काम झालं की काढून ठेवा. दोन: साध्या डोंगलला एबीएस आणि एअरबॅगचे कोड दिसत नाहीत. तीन: कोड पुसण्याचं बटण फार हाताशी आहे. पुसलं की दोष घडला तेव्हाचे नोंदलेले आकडेही जातात, आणि गॅरेजमध्ये "आता तर काही दिसत नाही" ऐकावं लागतं. पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. जॉब कार्डवर "गाडी झटके देते" एवढंच लिहू देऊ नका. "सकाळी थंड इंजिन, पहिली पाच मिनिटं, आयडलला थरथर, पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर, पी०३०२, २ व ३ च्या कॉइल्सची अदलाबदल करून पाहिली, कोड तोच" असं लिहायला लावा आणि जुना पार्ट परत मागा. एवढं लिहिलं की इंजेक्टर क्लीनिंग, डिकार्बनायझेशन, इंजिन ड्रेसिंग ही मंडळी एस्टिमेटमधून आपोआप गळतात.

आता काटा. स्वयंपाकघरातले ५ किंवा १० किलोचे डिजिटल काटे ₹३०० ते ₹६०० मध्ये मिळतात. खरा आहे का हे तपासायला १० रुपयांची दहा नाणी पुरतात: एक नाणं ७.७१ ग्रॅम, दहा मिळून ७७. दर महिन्याला बघा, कारण सेल उतरले की आकडा आधी भरकटतो आणि मग सेलचं चिन्ह येतं. काट्यावर डबे रचून ठेवू नका, आतला लोड सेल (वजन मोजणारी पट्टी) वाकला की कायमचा वाकला.

परात ठेवली की डिस्प्ले झाकला जातो. काट्यावर एक वाटी उपडी ठेवायची, तिच्यावर परात, मग टेअर (आकडा शून्यावर आणणारं बटण). दोन मिनिटांत काटा आपोआप बंद होतो आणि कणीक भिजवता भिजवता शून्य हरवतं. यावर उपाय म्हणजे रिकाम्या भांड्यांची वजनं एकदाच घेऊन कपाटाच्या दारावर आतून चिकटवणं. तेल मात्र भांड्यात ओतत मोजू नका. थेंब थेंब पडणारं वजन हे काटे शून्यात जिरवून टाकतात. तेलाची बुधली आधी आणि नंतर तोला, फरक म्हणजे वापरलेलं तेल.

एकाचं डाएट आणि चौघांची एकच कढई, हा घरातला खरा पेच. वेगळी भाजी कुणी करत नाही, करूही नये. समजा, कढई रिकामी ६४० ग्रॅम, भाजी झाल्यावर १३९०, भाजी ७५०. तेल पडलं ४० ग्रॅम, म्हणजे जेमतेम तीन मोठे चमचे. डाएटवाल्याने १५० ग्रॅम वाढून घेतली तर पाचवा हिस्सा: ८ ग्रॅम तेल, ७२ कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत २००० कॅलरींच्या नमुना ताटात दिवसभराचं तेल-तूप २७ ग्रॅम धरलंय. एका भाजीत ८, तीन घडीच्या पोळ्यांत ७-८, वरणाच्या फोडणीत ३-४ आणि वर तुपाची धार. हिशोब दुपारीच संपत येतो, आणि "तळलेलं काही खाल्लंच नाही" हेही खरंच असतं.

धान्य कच्चंच तोला. भातात गफलत हमखास होते. शिजलेल्या १५० ग्रॅमसमोर अ‍ॅपमध्ये कच्च्या तांदळाची ओळ निवडली की ५०० च्या वर कॅलरी दिसतात; प्रत्यक्षात साधारण २०० असतात. मऊ भातात पाणी जास्त, म्हणून शिजल्यावरच्या वजनाचा भरवसा नाहीच. कोरडी कणीक ३० ग्रॅम म्हणजे सुमारे १०० कॅलरी. गोळे तोलले की कळतं, एकाच घरात दोघांच्या हातच्या पोळीत दीडपट फरक असतो. आणि एकादशी! कोरडा साबुदाणा ६० ग्रॅम, दाण्याचा कूट २५, तूप १०, थोडा बटाटा: साधारण ४७० कॅलरी, तीही उपवासाची.

अंगाच्या वजनाचा काटा कडक फरशीवर ठेवा आणि सकाळीच बघा. मीठ, पाणी, आदल्या रात्रीचा भात यांनी एक-दीड किलो वरखाली होतंच. इंजिनाचा कंट्रोलर जसा क्षणाचा ट्रिम वेगळा आणि लांब पल्ल्याचा वेगळा ठेवतो, तशी इथेही आठवड्याची सरासरी धरा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात-पोळी कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. साखर एकदम उतरू शकते.

काट्याबद्दल एक तक्रार राहतेच. जेवणाच्या ताटाशी तो आणला की घरात कटकट सुरू होते, आणि पाहुण्यांसमोर तर नकोच. स्वयंपाक करतानाच तोलायचं आणि वाढताना नेहमीची एकच पळी वापरायची. त्या पळीत किती ग्रॅम मावते ते एकदा बघून ठेवलं की पुरे.

दोन्हींपैकी एकच घ्यायचं असेल तर काटा घ्या, तो दिवसातून तीनदा लागतो. डोंगल अख्ख्या सोसायटीत मिळून एक पुरतो. फक्त देताना सांगा, कोड पुसू नका आणि काम झालं की काढून आणून द्या.